आश्रयदात्या बाईंची शेवटची भेट

विल्फ टायसनकडे बोलायला एकच शब्द उरला होता, आणि तो होता "च्यायला".

अर्धांगवायूचा झटका आला त्या सकाळी तो टोस्टला लोणी लावत उभा होता. आधी हातातली सुरी पडली, मग तो पडला. हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा उजवा हात निकामी झालेला, उजवा पाय फरफटणारा. आणि जन्मभर बंदरातल्या क्रेनवर बसून खालच्या माणसांना ओरडून सूचना देणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून एवढंच बाहेर पडत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, एनिडला, बाजूला घेऊन समजावलं. पुष्कळांचं असं होतं म्हणे. बोलणं जातं, पण एखादी शिवी कुठेतरी शाबूत राहते. त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत.

"निदान देवाचं नाव तरी उरायचं," एनिड म्हणाली होती.

त्यानंतरच्या चार वर्षांत त्या एका शब्दाचे किती सूर असतात ते तिला कळून चुकलं. चहा चांगला झाला की एक, पावात हॅम कमी असला की दुसरा. पाय दुखला की तिसरा, दात आवळून. फुटबॉलची मॅच हरली की नुसताच श्वास, त्याच्या शेवटी अर्धा शब्द. सकाळी डोळे उघडून तिच्याकडे पाहत तो जो म्हणायचा, त्याचा अर्थ तर तिने कुणाला सांगितलाही नसता.

पण ती दमली होती. झोप झाली नाही की माणूस दमतं ते वेगळं; ते झोपलं की जातं. एनिडचं दमणं हाडांत मुरलं होतं. त्याला उठवायचं, धुवायचं, कपडे चढवायचे, भरवायचं, चादरी बदलायच्या, आणि मग पुन्हा उठवायचं. लोक विचारत, "कशी आहेस?" ती म्हणे, "छान." कारण याहून मोठं उत्तर द्यायला दम लागतो.

दर गुरुवारी मात्र हार्बर रोडवरच्या जुन्या शाळेत झटका आलेल्यांचा क्लब भरायचा. सॉल्टर्थ गावातली वीसेक माणसं, कुणी काठी टेकत, कुणी ढकलखुर्चीत, तिथे जमत. चहा व्हायचा, पत्ते व्हायचे, आणि शेवटी गाणं. एनिड पियानो वाजवायची. ज्यांना धड "पाणी" म्हणता येत नव्हतं ती माणसं गाण्याची आख्खी कडवी म्हणायची. विल्फसुद्धा. त्याच्या तोंडून समुद्र, तारे, घर, आई असे शब्द एकामागून एक बाहेर पडताना एनिड पियानोच्या पट्ट्यांवरून नजर हलवायची नाही. गाणं संपलं की तो इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "च्यायला."

त्या क्लबच्या आश्रयदात्या होत्या प्रिन्सेस हेन्रिएटा. राजाची आत्या. क्लब सुरू झाला तेव्हा त्यांनी आपलं नाव दिलं, इमारतीच्या उद्घाटनाला एकदा येऊन गेल्या, आणि तेव्हापासून चहाच्या खिडकीवर फोटोत हसत होत्या. क्लबच्या प्रत्येक कागदावर वरच्या बाजूला त्यांचं नाव छापलेलं असे. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या. हिवाळ्यात राजवाड्यातून कळवलं गेलं, की वयामुळे हर रॉयल हायनेस आपल्या संस्थांची कामं सोडत आहेत. तत्पूर्वी मे महिन्यात त्या निरोपाची भेट द्यायला येतील.

झालं. क्लबचे अध्यक्ष रॉडनी ऍस्क्यू यांची झोप उडाली. निवृत्त बँक मॅनेजर, उंच, शिडशिडीत, कायम टायमध्ये. माणूस वाईट नव्हता. इमारतीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा स्वतः शिडीवर चढला होता. त्याला एकच चिंता लागली होती. कौन्सिलचा त्या शाळेवर डोळा होता. कागदावर राजघराण्यातलं नाव आहे तोवर कुणी हात लावणार नाही. ते गेलं की क्लबला विचारतो कोण? भेट झकास झाली, तर त्या घरातलं कुणीतरी तरुण माणूस आश्रयदाता म्हणून मिळेल, असा त्याचा हिशोब होता.

मग भिंती रंगल्या. संडासाला नवं दार बसलं. जिल्ह्यात राजाचा जो प्रतिनिधी असतो त्याच्या कचेरीतून एक मिठ्ठास बोलणाऱ्या बाई येऊन गेल्या आणि गाडी कुठे थांबेल, प्रिन्सेस कुठून आत येतील, कुणासमोर थांबतील, सगळं ठरवून गेल्या. आणि भेटीच्या आधीच्या गुरुवारी रंगीत तालीम झाली.

प्रिन्सेसचं काम चहा करणाऱ्या नेसा बर्केटकडे आलं. नेसा सत्तरीची, आडव्या बांध्याची, तोंडाने फटकळ. तिने डोक्यावर टीकोझी, म्हणजे चहाची किटली झाकायची लोकरी टोपी, उपडी घातली, कोपरावर पिशवी अडकवली आणि मान तिरकी करत रांगेपुढून चालायला लागली.

"अय्या, तुम्ही लांबून आलात का हो?" तिने पहिल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"समोरच राहतो की मी. तुझ्या घराच्या मागे," म्हातारा कष्टाने म्हणाला.

"किती छान! घराच्या मागे! आणि तिथे काय करता? माझ्या टोमॅटोवर डोळा ठेवता ना?"

सगळे हसले. रॉडनी म्हणाला, "नेसा, कृपा करून."

"अहो, मी आयुष्यात पहिल्यांदा राजघराण्यात जन्मलेय. जरा मिरवू तर द्या. भिंत आमची, रंग आमचा, संडास आमचा, आणि वास घेऊन 'वा वा' म्हणायला लंडनहून माणूस येणार."

असं करत करत ती विल्फपुढे आली. विल्फने त्या दिवशी मुद्दाम केस कापून घेतले होते. डाव्या हाताने तो खुर्चीचा दांडा धरून ताठ बसला होता.

"आणि आपण कोण?" नेसाने हात पुढे केला.

विल्फने तिला टीकोझीपासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं. "च्यायला," तो मनापासून म्हणाला.

हॉलमध्ये हशा फुटला. ढकलखुर्च्या हलायला लागल्या. नेसा टीकोझी पोटाशी धरून खाली बसली. विल्फ स्वतःही हसत होता, अर्ध्या तोंडाने. एनिडला हसता हसता उचकी लागली. मग तिचं लक्ष रॉडनीकडे गेलं. तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. एनिडच्या हातात मशीनमधून काढलेल्या ओल्या चादरी होत्या. त्याने टोपी काढली.

"एनिड, कसं बोलावं कळत नाही."

"बोला की. चादरी जड आहेत."

"मला विल्फबद्दल आदर आहे, तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी वर्तमानपत्रवाले असतील. त्या कचेरीच्या बाई असतील. प्रिन्सेसबाईंचं वय झालंय. आणि त्यांच्या तोंडावर जर..." तो थांबला. "आपल्याला एकच संधी आहे. इमारतीसाठी. सगळ्यांसाठी."

"म्हणजे त्याला आणू नको."

"मागच्या खोलीत बसवू म्हटलं असतं, पण त्या मागच्या खोलीतही जाणार आहेत. तुम्ही मात्र हव्यातच. तुमच्याशिवाय गाणं कसं होणार?"

एनिडला बोलायला पुष्कळ होतं. हा क्लब कुणासाठी आहे, असं विचारता आलं असतं. दार लावून घेता आलं असतं. पण चादरींचं पाणी तिच्या चपलांवर ठिबकत होतं, आत विल्फ न्हाणीघरात बसून तिची वाट पाहत होता, आणि भांडण म्हणजे अजून एक काम.

"बरं," ती म्हणाली.

रॉडनीला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्याने टोपी डोक्यावर घातली, "थँक यू" म्हणाला आणि गेला.

विल्फला सांगायला तिने तीन दिवस घेतले. सांगितलं तेव्हा ती त्याची दाढी करत होती, म्हणजे त्याच्या डोळ्यांकडे पाहावं लागत नव्हतं.

"तू त्या दिवशी घरीच राहा. शेजारचे मिस्टर पिम येऊन बसतील. टीव्हीवर क्रिकेट आहे. त्या गर्दीत उगाच तुझा पाय..." तिने वस्तरा पाण्यात खळबळला. "रॉडनी म्हणतो, बरं दिसणार नाही."

विल्फकडे शब्द एकच होता, तोही त्याने म्हटला नाही. त्याच्या गालावरचा साबण तिने पुसला तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. चार वर्षांत तो पहिल्यांदाच गप्प बसला होता. ती चुप्पी तिला रात्रंदिवस ऐकू येत राहिली.

भेटीच्या दिवशी सकाळी तिने निळा पोशाख घातला, केसांना फवारा मारला आणि जिना उतरली. स्वयंपाकघरात विल्फ खुर्चीत बसला होता. तिचा काळा बूट त्याने दोन गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरला होता आणि डाव्या हाताने त्याला पॉलिश करत होता. एक बूट झालेला, टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलेला. लग्न झाल्यापासून कुठे बाहेर जायचं असलं की तिचे बूट तोच चमकवायचा. झटका आल्यापासून ते बंदच झालं होतं. बूट सटकत होता. तो पुन्हा दाबत होता. पॉलिशचं काळं त्याच्या पँटला, मनगटाला, हनुवटीला लागलं होतं.

एनिड जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. बसली ती बसलीच. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेवढंही उरलं नव्हतं. फक्त एक गोष्ट अगदी स्वच्छ कळली, की आज याला इथे सोडून जाऊन, तिथे बसून, हसऱ्या तोंडाने पियानो वाजवण्याचं बळ आपल्यात नाही. यात शौर्यबिर्य काही नव्हतं. दोन्हींतलं जे कमी जड होतं ते तिने उचललं.

"ती पँट काढ," ती म्हणाली. "करडा सूट घाल. उशीर होतोय."

विल्फने वर पाहिलं.

"बघतोस काय? चल. आणि ऐक, तोंड सांभाळ. जमेल?"

त्याने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिला.

मागच्या दाराने, चहाच्या खोलीतून, तिने त्याची खुर्ची आत ढकलली. नेसा कप मांडत होती. तिने एकदा विल्फकडे, एकदा एनिडकडे पाहिलं.

"आलास होय रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "हनुवटीला काय फासलंयस? ये इकडे." आणि टॉवेलचं टोक थुंकीने ओलं करून तिने त्याची हनुवटी पुसली. "आता दिसतोयस राजाचा जावई."

एनिडने त्याला पियानोच्या शेजारी नेऊन ठेवलं. रॉडनी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून जवळजवळ धावतच आला. चेहरा नव्या भिंतीसारखा पांढरा.

"एनिड, आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं खरं."

"मग?"

"रॉडनी, मला भांडायचं त्राण नाही. तुम्हाला त्याला बाहेर काढायचं असेल तर तुम्ही ढकला. माझ्याने आता होणार नाही."

रॉडनीने खुर्चीच्या मुठीकडे पाहिलं. त्याचा हात पुढे झालाही होता. तेवढ्यात दाराशी उभी असलेली ती मिठ्ठास बाई टाळी वाजवून म्हणाली, "गाडी वळली!" आणि रॉडनीला तिकडे जावं लागलं.

प्रिन्सेस म्हटलं की डोळ्यांपुढे काही एक येतं. आत आल्या त्या एक ठेंगण्या, किंचित वाकलेल्या, काठी टेकणाऱ्या आजीबाई. पिस्त्याच्या रंगाचा कोट, तशीच टोपी. हातमोज्यातला हात पुढे करत त्या ओळीने पुढे सरकत होत्या. त्यांच्या मागे त्यांचा सेक्रेटरी, तरुण, घड्याळाकडे नजर. सकाळपासून त्यांनी एक शाळा आणि एक चीजचा कारखाना पाहिला होता, इथून पुढे आणखी एका ठिकाणी झाड लावायचं होतं.

"लांबून आलात का?" त्यांनी पहिल्या म्हाताऱ्याला विचारलं. नेसाने चहाच्या खिडकीत तोंडावर हात धरला.

एनिड त्यांच्याकडे पाहत होती. माणूस कसं उभं राहतं हे बघण्याची तिला चार वर्षांत सवयच लागली होती. बाई डावा पाय टाळत होत्या. दोन माणसांच्या मधल्या जागेत, कुणी बघत नाही अशा वेळी, डोळे क्षणभर मिटून घेत होत्या. आणि पुढच्या माणसापाशी पोचेपर्यंत हसू पुन्हा जागेवर आलेलं असे. हे हसू एनिडच्या ओळखीचं होतं. दारावर पोस्टमन आला की तीही तेच काढायची.

मग गाणं झालं. एनिडची बोटं आपोआप चालायची. बंदरावरचं जुनंच गाणं होतं, गावातल्या सगळ्यांना येणारं. शेजारी विल्फ गात होता, जाड, थोड्या बेसूर आवाजात, शब्दन् शब्द. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज सगळ्यांत वर होता. टाळ्या वाजल्या. प्रिन्सेसबाई पियानोकडे आल्या आणि रॉडनीने घाईने त्यांची ओळख करून दिली. "ह्या मिसेस टायसन, आमच्या पियानोवादक, आणि इकडे, मॅम, आपण जर या बाजूला..."

पण बाई विल्फपुढे थांबल्या होत्या.

"काय सुरेख आवाज आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "बंदरात होतात का तुम्ही?"

विल्फने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला. गळ्याची शीर फुगली. ओठ त्याने इतके घट्ट आवळले की ते पांढरे पडले. मग डावा हात वर करून क्रेनच्या दांड्यासारखा एकदा आडवा फिरवला आणि खाली मांडीवर टाकला.

उत्तर येत नाही हे पाहून बाईंनी मान हलवली, "हं, हं, छान" असं काहीसं पुटपुटल्या आणि पुढच्या माणसाकडे वळायला लागल्या. रॉडनीचे खांदे एकदम सैल झाले.

एनिडच्या मनात आलं, झालं, सुटलो. आणि मग तिने विल्फकडे पाहिलं. तो मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहत बसला होता. बोलायला एवढा एकच शब्द, आणि तोही त्याने तिच्या शब्दाखातर गिळला होता.

"मॅम," एनिड म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "त्याला उत्तर द्यायचंय. पण त्याला बंदी आहे."

बाई वळल्या. सेक्रेटरीने घड्याळावरून नजर उचलली.

"कसली बंदी?"

"झटका आल्यापासून त्याला एकच शब्द येतो. तो चारचौघांत बोलण्यासारखा नाही. म्हणून आम्ही त्याला सांगितलं, की बोलू नको. आम्ही म्हणजे मी सांगितलं."

प्रिन्सेसबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी काय ऐकलं नसेल या वयात," त्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "म्हणू द्या त्यांना."

विल्फने एनिडकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने बाईंच्या पिस्ता रंगाच्या कोटाकडे, काठीकडे, सुजलेल्या घोट्यांकडे पाहिलं, आणि अगदी हळू, दिवसभराचं काम उरकून घरी आलेल्या माणसाने पायातले बूट काढताना म्हणावं तसं म्हणाला,

"च्यायला."

कुणी हसलं नाही. बाईही हसल्या नाहीत. त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी खरं आहे." आणि मग सेक्रेटरीकडे न बघता, "मला जरा बसायचंय."

हे ठरलेल्यात कुठेच नव्हतं. एनिड उठली आणि पियानोचं स्टूल पुढे सरकवलं. बाई विल्फच्या शेजारी बसल्या. सेक्रेटरी वाकून काही कुजबुजला, त्यांनी बोटाने त्याला थांबवलं. दोघं शेजारी शेजारी समोरच्या नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहत राहिली. भोवती सगळे उभे. कुणाला हातांचं काय करावं कळेना. नेसा चहा घेऊन आली, बाईंनी हातमोजा काढून कप घेतला, बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि संपवला.

"तुम्ही बसत नाही का कधी?" त्यांनी अचानक एनिडला विचारलं.

एनिडने तयार ठेवलेलं हसू काढायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही.

"फारसं नाही, मॅम."

"हं," बाई म्हणाल्या. "जमवायला हवं." पण ते कसं, ते त्यांनाही ठाऊक नसावं, कारण लगेच त्या काठीवर भार देऊन उठल्या, विल्फच्या डाव्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. "लांबून आलात का?"

त्यांनी भेटीची आठवण म्हणून भिंतीवर लावलेल्या पाटीवरचा पडदा ओढला, फुलं घेतली, आणि गाडी निघून गेली. पाठोपाठ ती मिठ्ठास बाईही गेली, कुणाचा निरोप न घेता.

गावच्या वर्तमानपत्रात पाटीचा फोटो आला. फोटोग्राफरने दुसराही एक काढला होता, तो त्याने नंतर एनिडला आणून दिला. त्यात प्रिन्सेसबाई आणि विल्फ दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांसारखे दिसत होते. विल्फने तो बघून नेहमीचा शब्द उच्चारला. चांगल्या चहाचा सूर होता तो.

इमारत मात्र वाचली नाही. उन्हाळा संपता संपता राजवाड्यातून अतिशय सभ्य भाषेत उत्तर आलं, की क्लबच्या कार्याबद्दल नितांत आदर असला तरी सध्या कुटुंबातील कोणीही नवी जबाबदारी घेऊ शकत नाही. कुणी म्हणालं, विल्फमुळे. नेसा म्हणाली, "काही नाही, त्यांना आपलं गाव नकाशावर सापडलं नसेल." ती मिठ्ठास बाई रॉडनीला कुठेशी भेटली तेव्हा म्हणाली, की ते आधीच ठरलेलं होतं, भेटीच्याही आधी, असल्या लहान संस्था सगळ्याच सोडून द्यायच्या होत्या. खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. ऑक्टोबरात कौन्सिलने शाळा ताब्यात घेतली आणि क्लब चॅपलच्या मागच्या थंड खोलीत गेला. पियानो दारातून आत जाईना, म्हणून एनिड जुन्या ऑर्गनवर वाजवायला लागली. त्याची एक पट्टी अडकायची.

त्या हलवाहलवीच्या दिवशी रॉडनी शेवटचं खोकं उचलून आणत होता. एनिडला पाहून त्याने ते खाली ठेवलं. मे महिन्यापासून दोघं कामापुरतंच बोलत होती. ती मनात म्हणाली, आता हा ऐकवणार. ऐकव बाबा, ऐकून घेते.

"माझ्या वडिलांनाही झटका आला होता," तो म्हणाला. "मी शाळेत होतो. पाहुणे आले की वडिलांना आई वरच्या खोलीत नेऊन दार लावायची. आम्ही खाली चहा प्यायचो. वरून त्यांच्या खुर्चीचा आवाज यायचा." त्याने टाय नीट केला, नीटच होता तो. "त्या दिवशी तुमच्या दारात आलो तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नंतर आलं."

"झालं ते झालं," ती म्हणाली.

"बुधवारी दुपारी मला काही नसतं," रॉडनी म्हणाला. "विल्फची हरकत नसेल तर मी येऊन बसत जाईन. डॉमिनोज खेळतो ना तो? तुम्ही जा कुठेतरी."

"कुठे?"

"ते मला काय माहीत. कुठेही."

तो खरंच आला. पहिल्या बुधवारी टायमध्येच आला, सोबत केक घेऊन. तो दारात दिसताच विल्फने लांबूनच त्याला त्या शब्दाने सलामी दिली, आणि रॉडनी म्हणाला, "गुड आफ्टरनून, विल्फ." मग दोघं खिडकीशी बसले आणि सोंगट्या टेबलावर ओतल्याचा आवाज झाला.

एनिड कोट घालून बाहेर पडली आणि फाटकापाशीच थबकली. इतक्या वर्षांत दुपार तिच्या हातात आली नव्हती, ती कशी धरायची तेच आठवेना. मैत्रिणीकडे जावं तर बोलावं लागणार. दुकानात जावं तर निवडावं लागणार. समोरून किनाऱ्याच्या गावांना जाणारी बस आली तशी ती हात करून चढली आणि मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली. व्हाइटगिल गेलं, सँडबी गेलं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"उतरायचं नाही का, काकू?"

"परत जाणारच आहेस ना?"

"जाणार तर. दहा मिनिटांनी."

"मग बसू दे मला," एनिड म्हणाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि उतरून सिगारेट पेटवायला गेला. बाहेर ओहोटी होती, ओल्या वाळूवर कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. तिने बुटांचे बंद सैल केले, पाय समोरच्या सीटखाली लांब सोडले, आणि बस परत निघायच्या आतच तिचा डोळा लागला.